पाणी अडविणे आणि पाणी सोडणे

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत विस्तार अधिकारी, शिक्षण, यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या परिषदेत ‘नदी व मनुष्य’ या विषयावर मी काही विचार मांडावेत, अशी सूचना मला करण्यात आली, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी स्थापत्यशास्त्राचा अभ्यासक नाही. धरणाची भिंत कशी उभारतात, हे मला आपल्याइतकेच ठाऊक. परंतु कृष्णाकाठच्या शाळांतून मी तीस वर्षे वावरलो आहे आणि त्यांतील निम्मा काळ आपल्याप्रमाणेच हाती खडू घेऊन वर्गात उभा होतो. या अवधीत पाण्यावरचा पाठ मी कितीदा शिकविला, याची गणती नाही. तो मी अपुरा शिकवीत होतो, ही गोष्ट मात्र एका विद्यार्थ्याने माझ्या ध्यानी आणून दिली. तेथूनच आरंभ करतो.

नोकरीच्या प्रारंभीच्या काळात मी एका लहान गावी चौथीच्या वर्गाला शिकवीत होतो. गावालगतच्या नदीवर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा होता. असा बंधारा आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. पात्रात एका ओळीने उभे केलेले खांब, त्यांना उभ्या खाचा, आणि त्या खाचांतून एकावर एक बसविलेल्या फळ्या, म्हणजेच बरगे. पावसाळा सरला की बरगे घालून पाणी तुंबवावयाचे आणि पुढील पावसाळ्यापूर्वी ते काढून ठेवावयाचे, म्हणजे पुराला वाट मोकळी राहते. मी मुलांना बंधाऱ्यावर नेले, खांब मोजावयास लावले, आणि परत आल्यावर ‘बंधाऱ्याचे फायदे’ फळ्यावर लिहून दिले. विहिरींचे पाणी टिकते, ऊस व भाजीपाला पिकतो, गुरांची सोय होते, पलीकडे जाण्यास वाट मिळते. असे चार फायदे. वार्षिक परीक्षेत तोच प्रश्न आला आणि साऱ्या वर्गाने चारही फायदे बिनचूक लिहिले. मला मोठे समाधान वाटले.

त्या वर्षी मृगापूर्वीच पावसाने जोर धरला. बरगे काढण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांच्याकडून ते वेळेवर झाले नाही. गाळ बसून बरगे खाचांत आवळले गेले होते. त्यात वरून पाण्याचा दाब आला. मग माणसांच्या बळाने ते हलेनात. नदीला समोरून वाट मिळाली नाही, तेव्हा तिने बंधाऱ्याच्या बगलेतून वाट काढली. एका रात्रीत डाव्या काठाची माती कापली गेली. त्या काठालगत माझ्या वर्गातील एका मुलाच्या वडिलांची जमीन होती. सकाळी गावकरी पाहावयास गेले, तो वीसएक गुंठे रान आणि त्यातील विहीर यांचा मागमूसही उरला नव्हता.

जूनमध्ये शाळा उघडली. तो मुलगा पाचवीच्या वर्गात बसावयास आला नाही; आला तो शाळा सोडल्याचा दाखला नेण्यास. त्याचे कुटुंब पोट भरण्यासाठी दुसऱ्या तालुक्यात निघाले होते. मी दाखला लिहीत असता तो टेबलाशी उभा होता. मध्येच त्याने विचारले, “गुरुजी, बरगं काढायचा दिस कोण ठरवतं?”

बंधुभगिनींनो, मला उत्तर देता आले नाही, कारण ते मला माहीतच नव्हते. बंधाऱ्यावर जाऊन मी खांब मोजविले होते. परंतु बरगे कोण घालतो, कोण काढतो, कोणत्या दिवशी व कोणाच्या आज्ञेने, ही चौकशी मी स्वतः कधी केली नव्हती. दाखल्यावर शाळा सोडण्याचे कारण लिहावे लागते. तेथे मी ‘पालकांचे स्थलांतर’ एवढेच लिहिले आणि सही केली.

आपल्या शाळांच्या भिंतींवर ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे वाक्य आपण रंगवितो. ते सर्वस्वी योग्य आहे. आपल्याकडे पाऊस चार महिने पडतो आणि तहान बारा महिने लागते. तेव्हा पाणी अडविल्यावाचून गत्यंतर नाही. परंतु अडविलेले पाणी केव्हा, किती व कोणासाठी सोडावयाचे, हा या विद्येचा उत्तरार्ध आहे, आणि तो भिंतीवर कोठेही लिहिलेला नसतो. मनुष्याने नदीच्या प्रवाहात केलेले बदल बहुधा या उत्तरार्धावरच तरतात किंवा बुडतात. काही उदाहरणांनी हे स्पष्ट करतो.

पहिले उदाहरण पानशेतचे. पुण्याच्या वरच्या अंगास आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. सन १९६१च्या पावसाळ्यात पाणी सोडण्याच्या मोरीचे व तिच्या दरवाजांचे काम अपुरे असतानाच धरणात पाणी साठू लागले. मोरी खचली आणि तिच्यावरील भरावही खचू लागला. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून भिंत सावरण्याची शर्थ केली. तथापि १२ जुलै १९६१ रोजी सकाळी धरण फुटले. ते पाणी खालच्या खडकवासला धरणात शिरले. सन १८७९पासून उभी असलेली ती दगडी भिंतही भगदाड पडून वाहून गेली आणि पुणे शहराच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पाणी साठविण्याची व्यवस्था तयार होती, परंतु ते सुरक्षितपणे सोडण्याची व्यवस्था तयार नव्हती. माझ्या गावचा चिमुकला बंधारा आणि पानशेतचे धरण यांची तुलना होऊ शकत नाही; मात्र दोन्ही ठिकाणी घोटाळा सोडण्यातच झाला.

दुसरे उदाहरण आपल्या दाराशी असलेल्या कोयनेचे. कृष्णा व कोयना या दोघी महाबळेश्वरच्या डोंगरावर उगम पावतात आणि कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर भेटतात. पुढे त्यांचे एकत्र पाणी सांगलीस येते. कोयनेवरील धरण १९६४ साली पूर्ण झाले. भिंतीची उंची सुमारे १०३ मीटर आणि साठा सुमारे १०५ अब्ज घनफूट, ज्यास वृत्तपत्रांतून ‘टीएमसी’ म्हणतात. या साठ्यातील पुष्कळसे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेस वळविले जाते. पोफळीच्या परिसरातील भूमिगत वीजगृहांतून ते कोकणात उतरते आणि वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्रास मिळते. जे पाणी निसर्गतः कर्नाटक, तेलंगण व आंध्र प्रदेश ओलांडून बंगालच्या उपसागरास गेले असते, ते मनुष्याने डोंगराखालून नेऊन उलट्या दिशेच्या समुद्रास पोहोचविले. कोयना प्रकल्पाच्या सर्व टप्प्यांची मिळून वीजनिर्मितीची क्षमता १,९०० मेगावॅटहून अधिक आहे. महाराष्ट्राच्या उद्योगधंद्यांना या विजेने केवढा आधार दिला, हे सांगावयास नको.

तथापि वळविलेल्या पाण्याचा हिशेब द्यावा लागतोच. कृष्णेचे पाणी तीन राज्यांत कसे वाटावे, याचा निवाडा न्यायमूर्ती बच्छावत यांच्या लवादाने केला, आणि कोयनेतून पश्चिमेस दरवर्षी किती पाणी न्यावे, यासही मर्यादा घातली. ती मर्यादा साडेसदुसष्ट अब्ज घनफुटांची आहे. दुसरा हिशेब माणसांचा. शिवसागर जलाशयाखाली गावे गेली. तेथील कुटुंबांना सातारा, सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशा दूरदूरच्या भागांत वसावे लागले, आणि त्यांतील कित्येकांचे पुनर्वसनाचे प्रश्न दोन पिढ्या उलटल्या तरी सुटलेले नाहीत. त्यांची नातवंडे, पतवंडे आपल्या वर्गात बसत असतील. ‘कोयना ही महाराष्ट्राची भाग्यरेषा’ असा निबंध त्या मुलांकडून लिहून घेताना, त्यांच्या घरी या धरणाविषयी काय बोलले जाते, हेही शिक्षकाने एकदा ऐकून घ्यावे.

आता पुराकडे वळू. सन २००५, २०१९ व २०२१ या तिन्ही वर्षांचे महापूर आपण पाहिले आहेत. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका मानला जातो; ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. शाळांच्या इमारतींत पूरग्रस्तांचे संसार मांडले गेले, आणि ज्या शाळाच बुडाल्या त्यांचे हजेरीपट व दप्तर चिखलातून काढून उन्हात वाळवावे लागले. त्या वेळी प्रत्येक चावडीवर एकच प्रश्न होता: ‘धरणे असताना पूर कसा आला?’

याचे उत्तर आपण शिक्षकांनी तरी नीट समजून घेतले पाहिजे. धरणाकडून आपण दोन परस्परविरुद्ध अपेक्षा बाळगतो. शेतीसाठी व विजेसाठी पावसाळ्याच्या अखेरीस धरण काठोकाठ भरलेले असावे, ही पहिली. आणि पूर थोपविण्यासाठी त्यात मोकळी जागा असावी, ही दुसरी. रिकामे भांडे पावसाचे पाणी सामावून घेते; भरलेले भांडे वरून येईल तितके पाणी खाली सोडते, त्याचा इलाज नसतो. सारा प्रश्न वेळेचा आहे. जुलैमध्ये किती साठवावे आणि ऑगस्ट व सप्टेंबरसाठी किती जागा राखावी? जागा राखून ठेवली आणि पुढे पाऊस रुसला, तर रब्बीचे पीक बुडते. जागा राखली नाही आणि पाऊस कोसळला, तर घरे बुडतात.

येथे थोडे अंकगणित करून पाहू. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर पाणी वाहिले, तर त्यास एक क्युसेक म्हणतात. एक लक्ष क्युसेक प्रवाह सतत एक दिवस वाहिला, तर ८६,४०० सेकंदांत ८.६४ अब्ज घनफूट पाणी जाते. या मानाने, वरून थेंबभर पाणी आले नाही असे धरले, तरी कोयनेचा पूर्ण साठा रिकामा होण्यास बारा दिवस लागतील. ‘पूर येतोसे दिसले, मग दरवाजे उघडून जागा का केली नाही’, असे म्हणणाऱ्यास हे उदाहरण घालून द्यावे. जागा करावयाची तर कित्येक दिवस अगोदर करावी लागते, आणि त्यासाठी पावसाचा अंदाज, वरच्या व खालच्या सर्व धरणांचा मेळ आणि निर्णय घेण्याचे धैर्य लागते. कृष्णेवर खाली कर्नाटकात अलमट्टी धरण आहे. त्याच्या उंचीवरून व फुगवट्यावरून दोन्ही राज्यांत वाद आहे. त्या वादाचा निर्णय करणे हे आपले काम नव्हे. परंतु पुराच्या दिवसांत वरच्याने किती सोडले आणि खालच्याने किती सोडले, याची वार्ता तासातासाला एकमेकांस कळली पाहिजे, एवढे तर चौथीच्या मुलासही पटेल.

तिसरे उदाहरण शेतातले. नदीचे पाणी पाटाने व उपसा योजनांनी रानात आले आणि ऊस उभा राहिला. वाळवा, मिरज व शिरोळ या भागांत याच पाण्याने समृद्धी आणली आणि याच पाण्याने कित्येक काळ्या जमिनी क्षारपड केल्या. पीक मागते त्याहून अधिक पाणी वर्षानुवर्षे दिले आणि जमिनीखालून ते निघून जाण्यास चर ठेवले नाहीत, तर भूजल वर चढते. त्यातील क्षार पृष्ठभागावर येऊन बसतात आणि रान पांढरे पडते. शेतात पाणी आणण्यास जशी वाट हवी, तशी बाहेर जाण्यासही हवी. उलट सांगली जिल्ह्यातच जत व आटपाडीकडील गावे पिढ्यान्‌पिढ्या पाण्याची वाट पाहत राहिली. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांनी कृष्णेचे पाणी उचलून त्या दिशेस नेण्याचा यत्न झाला. एकाच जिल्ह्यात एका शाळेच्या मुलांस पाणी अधिक झाल्याचे दुःख आणि दुसऱ्या शाळेच्या मुलांस ते नसल्याचे दुःख, हे आपण प्रत्यक्ष पाहतो.

आतापर्यंत मी चुकांचीच उदाहरणे दिली, असे कोणी म्हणेल. म्हणून सोडण्याची व वाटण्याची विद्या ज्यांनी साधली, अशी दोन उदाहरणे देतो.

धुळे व नाशिक या जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम इत्यादी नद्यांवर फड पद्धती कित्येक शतके नांदली. नदीवर बंधारा घालून त्याचे पाणी पाटाने शेतात आणावयाचे. या पाण्याखालील जमिनीस ‘थळ’ म्हणत. थळाचे तीनचार फड पाडलेले असत आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, असा नेम असे. वाटणी करण्यास पाटकरी आणि राखणीस जागल्या असे. त्यांस शेतकरीच नेमीत. वर्षारंभी सर्वांनी मिळून पाटातील गाळ काढावयाचा. शेतकऱ्यांच्या जमिनी निरनिराळ्या फडांत विखुरलेल्या असत. त्यामुळे ज्या वर्षी पाणी कमी, त्या वर्षी एखाद्या फडास पाणी मिळाले नाही तरी तोटा सर्वांच्या वाट्यास येई. वरच्या अंगास मोठी धरणे झाली, काळ पालटला, आणि ही पद्धत आज बव्हंशी मोडकळीस आली आहे. तरीसुद्धा तिच्यातील एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पाणी कोण सोडतो व केव्हा सोडतो, हे त्या थळातील लहान मुलासही ठाऊक असे.

दुसरे उदाहरण आपल्याच खानापूर तालुक्यातील. येरळा नदीच्या पात्रातून वाळूचा उपसा होऊ लागला, तशा काठच्या विहिरी आटू लागल्या. कारण पात्रातील वाळू ही पाणी धरून ठेवणारी नैसर्गिक साठवणच असते. तेव्हा बलवडी व तांदुळवाडी येथील शेतकऱ्यांनी १९८०च्या दशकात चळवळ उभारली. मोजकी वाळू विकून आलेला पैसा व स्वतःचे श्रम यांतून त्यांनी ‘बळीराजा स्मृती धरण’ बांधले. त्याच्या पाण्यावर प्रत्येक कुटुंबाचा सारखा हक्क राहील, मग त्या कुटुंबास जमीन असो वा नसो, हे तत्त्व त्यांनी मान्य केले. धरण लहान आहे, परंतु भिंत उभी राहण्यापूर्वीच पाणी कोणास द्यावयाचे हा विचार तेथे झाला होता.

आता शाळेत काय करता येईल, ते सांगून भाषण आटोपतो.

पहिली गोष्ट, प्रवाह मोजणे. हिवाळ्यात, उथळ व शांत ओढ्यावर मुलांस न्यावे. पावसाळ्यात कदापि नेऊ नये. दहा मीटर अंतराची खूण करावी, वाळलेले पान किंवा कणसाचा बुरखुंडा पाण्यात सोडावा आणि किती सेकंदांत तो ते अंतर कापतो ते पाहावे. समजा, वीस सेकंद लागले. म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर. ओढ्याची रुंदी तीन मीटर व सरासरी खोली वीस सेंटिमीटर असेल, तर सेकंदाला ३०० लिटर पाणी झाले. वरचे पाणी तळाच्या पाण्याहून वेगाने धावते, म्हणून याच्या शंभरात पंचाऐंशी भाग धरावेत. ते २५५ लिटर, म्हणजे ९ क्युसेक होतील. मग मुलांस सांगावे की, धरणातून एक लक्ष क्युसेक सोडले अशी बातमी आली, म्हणजे आपल्यासारखे अकरा हजार ओढे एका वेळी निघाले. त्या दिवसापासून तो आकडा त्यांना आकडा वाटणार नाही.

दुसरी गोष्ट, पुराच्या खुणा. गावातील मंदिराच्या पायऱ्या, जुन्या भिंती व शाळेची इमारत यांवर कोणत्या वर्षी पाणी कोठवर आले होते, हे वडीलधाऱ्यांस विचारून वर्षासह नोंदवावे. पाटबंधारे खात्याने आखलेल्या पूररेषाही मुलांस समजावून द्याव्यात: निळी रेषा साधारणतः पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मात्र शंभर वर्षांतून एकदा, याचा अर्थ शंभर वर्षे थांबूनच पूर येतो असा मुळीच नाही. लागोपाठच्या वर्षांतही तो येऊ शकतो. आपले घर व आपली शाळा या रेषांच्या कोणत्या बाजूस आहे, हे प्रत्येक मुलास ठाऊक असावे.

तिसरी गोष्ट, बंधाऱ्याची नोंदवही. ज्या गावी बंधारा, तलाव वा पाट आहे, तेथील शाळेने एक साधी वही ठेवावी. बरगे कोणत्या तारखेस घातले, कोणत्या तारखेस काढले, ते काम कोणाकडे आहे, निर्णय कोणत्या सभेत होतो, पाण्याची पहिली पाळी कोणाची आणि शेवटची कोणाची, हे मुलांनी स्वतः विचारून लिहावे. यात कोणाचा दोष काढण्याचा हेतू नसावा. केवळ माहिती असली, तरी पुष्कळ अनर्थ टळतात. मे महिन्याच्या अखेरीस एखाद्या मुलाने घरी जाऊन ‘बरगं अजून काढलं न्हाईत’ एवढे वडिलांच्या कानी घातले आणि चार शेतकरी मिळून चौकशीस गेले, तरी त्या नोंदवहीचे सार्थक झाले असे मी समजेन.

आपण म्हणाल, आमच्याकडे कामे काय थोडी आहेत? कामाचा भार मलाही ठाऊक आहे. आपले तक्ते व अहवाल मीच मागवितो. म्हणून या नोंदवहीचा अहवाल मी मागविणार नाही. शाळाभेटीस आलो, म्हणजे मुलांनाच तिच्याविषयी विचारीन.

त्या मुलाची व माझी पुन्हा भेट झाली नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी पुढे शोधून काढले. ते प्रत्येक बंधाऱ्यागणिक निराळे असते, हेही मला कळले. कोठे पाणी वापर संस्था ठरविते, कोठे खात्याचे कर्मचारी, कोठे कोणीच ठरवीत नाही. आपल्या गावी यांतील काय आहे, ते येत्या मे महिन्यापूर्वी आपण माहीत करून घ्यावे, एवढी विनंती करतो.